सरांचे पाय कुठे आहेत, ते आधी बघा

प्रश्न: मी राजापूर तालुक्यात आडिवऱ्याच्या बाजूला राहते. वय ४६. यजमान मुंबईला नोकरीला, गणपती आणि शिमग्याला येतात. मुलगी शिकायला पुण्यात. घरात सासूबाई आणि मी. सासूबाईंना डोळ्यांच्या उपचारासाठी दर महिन्याला रत्नागिरीला न्यावं लागतं. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत आणि दर वेळी भाड्याची गाडी करणं परवडत नाही. दारात आमची गाडी नुसती उभी आहे, म्हणून ड्रायव्हिंगचा क्लास लावला. क्लासच्या गाडीत सगळं बरोबर येतं, सरसुद्धा म्हणतात की छान चालवता. पण मागच्या आठवड्यात चुलत दिरांना शेजारी बसवून आमची गाडी बाहेर काढली, तर देवळाकडच्या चढावर ती बंद पडली आणि मागे यायला लागली. मागे एसटी उभी. भावोजींनी हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो. लोक बघत होते. तेव्हापासून चावी हातात घेतली की हात थरथरतात. टेस्ट तीन आठवड्यांवर आली आहे. भावोजी म्हणतात, या वयात कशाला हे नसते उद्योग. क्लासवाले म्हणतात, थोडे जास्त पैसे द्या, टेस्टचं आम्ही बघून घेऊ. सोडून देऊ का?

उत्तर:

ताई, सोडू नका. तुमच्या पत्रातच तुमच्या अडचणीचं मूळ आहे. तुम्ही लिहिलंय, ‘क्लासच्या गाडीत सगळं बरोबर येतं.’ सगळं बरोबर येतं, कारण त्या गाडीत क्लच आणि ब्रेक सरांच्या पायाखालीही असतात. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला असे दुहेरी पेडल असणं केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार सक्तीचंच आहे, आणि ते चांगल्यासाठी आहे. शिकणाऱ्याच्या हातून गाडी सुटली तर शिकवणाऱ्याला ती थांबवता यावी. पण होतं काय, की भर बाजारात गाडी बंद पडू नये, क्लच प्लेट जळू नये, मागच्यांचे हॉर्न ऐकावे लागू नयेत म्हणून बरेच शिकवणारे पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पाय पेडलवरच ठेवून बसतात. चढ आला की क्लच तेच सांभाळतात. शिकणाऱ्याला वाटतं, आपण चढवली.

म्हणजे देवळाकडच्या चढावर तुमचं धैर्य कमी पडलं नाही, वयही आडवं आलं नाही. त्या दिवशी तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा एकट्याच्या पायांनी चढावर गाडी धरत होता, तीही मागे एसटी असताना. पहिल्या खेपेला गाडी बंद पडणारच. भावोजींनी योग्य वेळी हँडब्रेक ओढला, त्याबद्दल त्यांचे आभार माना. शेजारी बसणाऱ्याचं काम तेच आहे. शिकाऊ परवान्यावर गाडी चालवताना पक्कं लायसन असलेला माणूस शेजारी हवा आणि गाडी थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा, असं नियम सांगतो. म्हणून गावातल्या गावातसुद्धा एकटीनं गाडी काढू नका. पुढेमागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवाच. तो लावायची लाज वाटते असं पुष्कळ जणी सांगतात. मला उलट वाटतं. तो ‘एल’ बघून समजूतदार ड्रायव्हर दोन हात लांब राहतो.

आता उद्या क्लासला गेलात की काय करायचं ते सांगते. गाडीत बसल्यावर रस्ता बघण्याआधी सरांचे पाय कुठे आहेत ते बघा. आणि स्पष्ट सांगा, ‘सर, आज तुमचे पाय मागे घ्या. बंद पडली तर पडू दे. धोका दिसला तरच ब्रेक मारा.’ सुरुवातीला अवघड वाटेल, कारण आपल्याकडे सरांना असं सांगायची सवय नाही. पण फी तुम्ही भरली आहे. या नियमांनुसार घरगुती वापराच्या गाडीचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं असायला हवं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास भरायला हवेत. किती तास चालवलं याची नोंदवही शाळेने ठेवायची असते. ती बघायला मागा. एका गाडीत दोघी-तिघींना बसवून प्रत्येकीच्या हातात थोडा वेळ स्टिअरिंग द्यायचं आणि सगळ्यांचा वेळ सगळ्यांच्या नावावर मांडायचा, असं होत असेल तर मागच्या सीटवर बसलेला वेळ तुमच्या शिकण्यात धरता येत नाही. उरलेले तास मागून घ्या आणि ते चढावरच घालवा. सर ऐकत नसतील, तर जास्तीचे म्हणून जे पैसे मागताहेत त्यात दुसऱ्या शाळेत चार जादा तास लावा.

चढाचं आता नीट सांगते, कारण तुमच्या भागात चढ चुकवून कुठे जाताच येत नाही. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, रस्ता सपाट, आणि सडा संपला की थेट खाडीपर्यंत उतार, पुन्हा पलीकडे चढ.

सुरुवात सपाट जागेवर करा. गावाबाहेर सड्यावर मोकळी जागा असेलच. तिथे अ‍ॅक्सिलरेटरला पायच लावायचा नाही. पहिला गिअर टाकायचा आणि क्लच अगदी सावकाश वर सोडायचा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो, गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं होतं आणि गाडी हलकेच पुढे सरकायला लागते. क्लच पकडतो तो क्षण हाच. तिथेच पाय थांबवायचा. पुन्हा क्लच दाबायचा, ब्रेक, पुन्हा तेच. हे इतक्यांदा करा की कानाला तो आवाज ओळखू यावा. प्रत्येक गाडीत क्लच वेगळ्या उंचीवर पकडतो. क्लासच्या गाडीत तो तळाशी पकडत असेल, तुमच्या गाडीत बराच वर. देवळाकडच्या चढावर तुम्हाला तेही नडलं असणार. म्हणून हा सराव तुमच्या स्वतःच्या गाडीतही करा, शेजारी भावोजी असताना.

मग साधा चढ घ्या. रहदारीचा नको. कोणाच्या आवारातला, घराकडे चढत जाणाऱ्या वाटेवरचा चालेल. गाडी चढावर उभी करून, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकामागे वीतभर अंतरावर जांभ्याचा चिरा टाकायला सांगा. गाडी घसरली तर चाक चिऱ्याला टेकेल आणि थांबेल, एवढ्या एका खात्रीनेच निम्मी भीती जाते. चिरा टाकणाऱ्याने लगेच बाजूला व्हायचं, गाडीमागे कोणीही थांबायचं नाही, आणि सराव संपला की चिरा आठवणीने उचलायचा.

आता पायांचं. उजवा पाय ब्रेकवर, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, क्लच दाबून पहिला गिअर. मग उजवा पाय ब्रेकवरून काढून अ‍ॅक्सिलरेटरवर आणायचा. हँडब्रेक लागलेला आहे, गाडी कुठे जात नाही. सपाटीपेक्षा थोडं जास्त अ‍ॅक्सिलरेटर द्यायचं, इंजिनाचा आवाज एकसारखा धरायचा आणि क्लच सावकाश वर घ्यायचा. आवाज खाली बसला, नाक उचललं, की दोन्ही पाय आहेत तिथे धरून ठेवायचे. घाई करू नका, इथे एक श्वास घ्या. आरसा बघा. मग हँडब्रेकचं बटण दाबून तो खाली सोडा. गाडी एकतर जागेवर उभी राहील किंवा पुढे सरकेल, मागे येणार नाही. मागे आली तर क्लच पुरेसा वर आला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. चढावर उभं राहिल्यावर हँडब्रेक लावून निघणं ही नवशिक्यांची पद्धत म्हणून काही जण हसतात. हसू द्या. घाटात गर्दीत अडकल्यावर जाणते ड्रायव्हरही असेच निघतात.

आणि बंद पडलीच, तर क्रम ठरलेला ठेवा. आधी ब्रेक पायाने दाबायचा, मग हँडब्रेक, मग क्लच दाबून गिअर न्यूट्रल, मग चावी. चावीकडे आधी हात जातो आणि तोवर गाडी मागे आलेली असते. हा क्रम घरी अंगणात, इंजिन बंद ठेवून, तोंडाने म्हणत केला तरी उपयोग होतो. मागे एसटी असेल तर असेल. आपल्या कोकणातले एसटी ड्रायव्हर अरुंद रस्त्यावर गाडी वळवण्यात आणि वाट बघण्यात मुरलेले असतात. तुम्ही मागे आला नाहीत तर त्याला काही अडचण नाही. हॉर्न वाजला म्हणून क्लच झटकन सोडायचा नाही.

तुमची गाडी गिअरची आहे असं गृहीत धरून हे सगळं लिहिलं. कोणी तुम्हाला ऑटोमॅटिक घ्या म्हणेल. चढावर ती नक्कीच सोपी पडते आणि तिच्यात कमीपणा काही नाही. पण दारात गाडी उभी असताना केवळ एका चढासाठी दुसरी घेण्याची गरज मला दिसत नाही.

‘टेस्टचं आम्ही बघून घेऊ’ याला मात्र साफ नाही म्हणा. ते बेकायदेशीर आहे, हे आहेच. पण त्याहून मला काळजी वाटते ती तुमच्या शेजारी बसणाऱ्या सासूबाईंची. गाडी खरोखर तुमच्या ताब्यात आहे का, हे ओळखीपाळखी नसलेला, तुमची फी न घेतलेला माणूस फक्त एकदाच तपासतो, आणि तो म्हणजे टेस्ट घेणारा मोटार वाहन निरीक्षक. ते तपासणं पैसे देऊन टाळलंत तर लायसन हातात येईल आणि देवळाकडचा चढ तसाच राहील. नापास होण्यात काही बिघडत नाही. कायद्याप्रमाणे ७ दिवसांनंतर पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झालं तर मात्र शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनुसार प्रशिक्षणही पुन्हा घ्यावं लागतं. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते. तीन आठवड्यांत हात बसला नाही असं वाटलं तर तारीख पुढची घ्या. त्यात हार काही नाही.

‘या वयात कशाला’ याचं उत्तर कायद्यातच आहे. गाडीच्या लायसनसाठी किमान वय १८. कमाल वयाची अट नाही. चाळिशी ओलांडली असेल तर फॉर्म १-ए वर डॉक्टरांचा दाखला लागतो, तो तुम्ही शिकाऊ परवान्यासाठी दिलाच असेल. तुमच्या वयाला मिळणारं पक्कं लायसन १० वर्षं चालतं. भावोजींना हे वाद घालण्यासाठी सांगू नका. त्यांची तुम्हाला गरज आहे. गाडी घसरली तेव्हा तेही घाबरले असणार, आणि घाबरलेला माणूस असंच बोलतो. एक संध्याकाळ त्यांना चिऱ्याजवळच्या सरावाला घेऊन जा. चार वेळा गाडी मागे न येता निघालेली बघितली की बोलणं बदलेल.

टेस्टच्या दिवशी निरीक्षक काय बघतात, ते १९८९ च्या नियमांमध्ये पंधराव्या नियमात ओळीने दिलं आहे. चमत्कार काही नाही त्यात. गाडी सुरू करण्याआधी आरसे आपल्या नजरेला लावून घेतले का, गिअर न्यूट्रलला आहे का, हँडब्रेक लागलेला आहे का. सरळ आणि बाजूला घेत गाडी सुरक्षित काढता येते का. चढावर आणि उतारावर सांभाळता येते का. वळताना, लेन बदलताना इशारा देता का. अचानक थांबवता येते का. गाडी मागे घेत डावीकडे किंवा उजवीकडे मर्यादित जागेत नेता येते का. हा शेवटचा भाग क्लासमध्ये सगळ्यात कमी करून घेतात आणि बायका सगळ्यात जास्त तिथेच अडतात, म्हणून रोज घरी गाडी उलटी लावायची सवय करा. कोकणातल्या आवारात गाडी लावणं म्हणजे एकीकडे गडगा, म्हणजे दगडी कुंपण, दुसरीकडे माड. याहून चांगलं मैदान तुम्हाला मिळणार नाही. रिव्हर्स घेताना क्लच अर्धाच, गाडी मुंगीच्या पावलाने, आणि मान वळवून मागच्या काचेतून बघणं. आरशात गडग्याचा पाया दिसत नाही.

सीट आधीच पुढे-मागे करून घ्या. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. उंची कमी असेल तर पाठीमागे उशी घ्या, विचारलं तर सांगा. साडी नेसत असाल तर टेस्टला आणि सरावाला पंजाबी ड्रेस बरा, नाहीतर निऱ्या पेडलमध्ये येतात. पायात पट्टा असलेली सपाट चप्पल किंवा बूट. सुटी चप्पल पेडलखाली अडकते. गाडीला अर्थातच विमा आणि पीयूसी चालू हवं. टेस्ट क्लासच्या गाडीवर देणार असाल तर आदल्या दिवशी त्याच गाडीत एक तास मागून घ्या, कारण क्लच पुन्हा वेगळा. काही तालुक्यांत आरटीओचं शिबिर लागतं. तुमच्या जवळ लागत असेल तर तारीख बघून तिथली वेळ घेतलीत तर रत्नागिरीचा फेरा वाचेल. तोंडी प्रश्न विचारला तर गोंधळू नका. अरुंद चढाच्या रस्त्यावर समोरासमोर गाड्या आल्या तर कोणी थांबायचं, हा प्रश्न आपल्या भागात रोजच्या उपयोगाचा आहे. उतरणाऱ्याने थांबायचं, चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. का, ते तुमच्याइतकं चांगलं आता कोणाला माहीत असणार.

लायसन मिळालं की लगेच सासूबाईंना घेऊन निघू नका. तुमचा रस्ता मला माहीत आहे. आडिवरे, कशेळी, गावखडी, मग पूर्णगडचा पूल, पावस, भाट्याचा पूल आणि रत्नागिरी. सुंदर आहे, पण वळणं आंधळी आहेत, आणि सुट्टीच्या दिवसांत पावसला आणि किनाऱ्यांवर येणाऱ्या बाहेरगावच्या गाड्या आपल्या वळणांना सरावलेल्या नसतात. आधी नुसतं गावखडीपर्यंत जाऊन या. मग पूर्णगडपर्यंत. खाडीकडे उतरताना गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिनच गाडी धरून ठेवतं, आणि ब्रेक तापत नाहीत. वळणाआधी हॉर्न, वळणावर आपली बाजू सोडायची नाही, साइड देताना साइडपट्टी किती खाली आहे ते बघून मगच चाक उतरवायचं. पावसानंतर ती साइडपट्टी खचलेली असते आणि वरून गवताने भरलेली दिसते. पहिल्या पावसात लाल माती रस्त्यावर वाहून येते तेव्हा चाक साबणासारखं सरकतं, त्या आठवड्यात सराव बंद ठेवलात तरी चालेल. रात्रीचं इतक्यात नकोच.

यजमान येतील तेव्हा त्यांना शेजारी बसवून रत्नागिरी शहरात एकदा जाऊन या, दवाखान्याजवळ गाडी कुठे लावता येते ते आधीच बघून ठेवा. तिथे चढावर गाडी लावायची वेळ आली तर हँडब्रेकबरोबर पहिला गिअरही टाकून ठेवा, उतारावर रिव्हर्स. आणि सासूबाईंना नेताना सुरुवातीच्या काही खेपांना तिसरं माणूस बरोबर असू द्या. डोळ्यांत थेंब घातले की काही तास त्यांना धूसर दिसणार. परत येताना त्यांना पाणी देणं, पट्टा लावून देणं, ऊन लागतंय का बघणं हे त्या माणसाने करायचं. तुम्ही मागे वळायचं नाही.